मोबाइलच्या काळातला शेजारधर्म

खानदेशातला ख्रिस्ती समाज संख्येने छोटा आहे. २०११च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. आणि त्यांतला मोठा भाग मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यातला. जळगाव-धुळ्याकडे एखाद्या शहरात मोजकी चर्च आणि पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर छोट्या-छोट्या मंडळ्या, असे चित्र आहे. पण या छोट्या समाजापुढचा प्रश्न छोटा नाही. देवावरची प्रीती आणि शेजाऱ्याला न्याय या गोष्टी ज्या श्रद्धेत एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, ती श्रद्धा पाळणाऱ्यांच्या दिवसाचा बराचसा भाग आता मोबाइलवर जातो. सकाळचे वचन व्हॉट्सॲपवर येते, उपदेश यूट्यूबवर, दानार्पण क्यूआर कोडवर. त्याच मोबाइलवर अफवा येतात, बदनामी येते, मारहाणीच्या फितीही येतात. अशा वेळी श्रद्धेने काय करावे?

या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. माझे मत आधीच सांगतो. इथल्या मंडळ्यांनी मोबाइल उपासनेसाठी झटकन आपलासा केला, आणि स्वतःवर होणाऱ्या आरोपांना उत्तर द्यायलाही वापरला. पण जो आपल्या धर्माचा नाही, जातीचा नाही, ओळखीचाही नाही, अशा माणसाला त्याच पडद्यावर न्याय मिळावा म्हणून तो फारसा वापरला गेलेला नाही. श्रद्धेची खरी परीक्षा तिथेच आहे.

एक समाज, अनेक घराणी

‘खानदेशी ख्रिस्ती’ असा एकजिनसी समाज नाही. भुसावळ हे रेल्वेचे गाव. तिथे रेल्वेच्या नोकरीमुळे गोव्याची, दक्षिणेतली आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली, राहिली, मुरली. जळगाव, चाळीसगाव, धुळे इथल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मराठी घरे आहेत आणि त्यांतल्या अनेकांची मुळे दलित समाजात आहेत. पश्चिमेला साक्री, नवापूर भागात मावची, कोकणा, भिल्ल समाजांतली ख्रिस्ती कुटुंबे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यातूनच वेगळा झाला, त्यामुळे धुळ्याच्या ख्रिस्ती समाजाबद्दल बोलताना नवापूर वगळताच येत नाही. कॅथलिकांसाठी हा सगळा भाग १५ मे १९८७ला स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अलायन्स मिशनांच्या परंपरेतल्या मंडळ्या आणि अलीकडच्या पेंटेकॉस्टल प्रार्थनासभा हे आणखी वेगवेगळे प्रवाह.

या घराण्यांचे प्रश्नही वेगळे आहेत. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या आजीला परदेशातल्या नातवाबरोबर व्हिडिओवर प्रार्थना करायची असते. धुळ्यातल्या दलित ख्रिस्ती तरुणाला जातीच्या दाखल्याची काळजी असते. पाड्यावरच्या पाळकाला मोबाइलचे नेटवर्क टेकडीवर कुठे मिळते हे पाठ असते, आणि कालच्या उपासनेची फीत कोण कुठे पाठवील याची धास्तीही असते.

दवाखाना, बोर्डिंग आणि छापखाना

खानदेशात ख्रिस्ती श्रद्धा आली ती सेवेच्या कामांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम वऱ्हाडातून भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशा पट्ट्यात पसरले. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन आणि स्वीडिश अलायन्स मिशनांनी आदिवासी भागात ठाणी उभारली, नंदुरबारच्या एस. ए. मिशन शाळेच्या नावात ती आठवण अजून आहे. नवापूर तालुक्यातले चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२पासूनचे. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या छत्राखाली चालते. ज्या मुलखात बाळंतीण अडली तर बैलगाडीशिवाय गत्यंतर नव्हते, तिथे मिशनचा दवाखाना म्हणजे काय होते, हे जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नाही.

या इतिहासाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मिशने इंग्रजी राजवटीच्या सावलीत आली. मदत आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ झाल्याचा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो नुसता द्वेषातून आलेला नाही. दुष्काळात अनाथालयात आलेल्या मुलाच्या बाप्तिस्म्यात त्याची स्वतःची निवड किती होती, हा प्रश्न प्रामाणिक ख्रिस्ती अभ्यासकांनीही विचारला आहे. दुर्बळाला मदत करणाऱ्याच्या हातात सत्ता येते. ती कशी वापरायची, हा प्रश्न मोबाइलच्या काळातही सुटलेला नाही.

माध्यमांच्या बाबतीत मात्र मराठी ख्रिस्ती माणसे कायम पुढे राहिली. ‘ज्ञानोदय’ १८४२मध्ये अहमदनगरला सुरू झाला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ची. विधवांची दुःखे हा तिचा विषय. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना घातला आणि दुष्काळातून वाचवलेल्या, समाजाने टाकलेल्या मुली-बायकांना खिळे जुळवायला शिकवले. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल तिथेच छापले गेले. म्हणजे जिला कुणी विचारत नव्हते, तीच त्या यंत्रापाशी उभी राहिली आणि हाताने अक्षर घडवू लागली. माध्यम आणि न्याय यांची अशी गाठ रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी घातली होती. आजच्या चर्चच्या यूट्यूब चॅनेलसमोर मी हाच नमुना ठेवीन.

खानदेशाचा स्वतःचाही एक धडा आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. वाचक मूठभर, पण रोजची बातमी नीट पारखून, मुलांचे मन मोठे होईल अशी लिहायची, ही शिस्त त्यात होती. लहान गटाला काय वाचायला द्यावे याची जबाबदारी घेणारा माणूस कसा असतो, ते या भागाने पाहिलेले आहे.

२०१८चा तो महिना

आता या प्रश्नाच्या सगळ्यात जिव्हारी लागणाऱ्या भागाकडे येऊ. २०१८च्या जून-जुलैत तीन आठवड्यांच्या अंतराने जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांची नावे देशभरच्या मोबाइलवर झळकली.

पहिली घटना जामनेर तालुक्यातल्या वाकडीची. १० जूनला मातंग समाजातली मुले एका शेतातल्या विहिरीत पोहली, म्हणून त्यांना उघडे करून मारहाण करण्यात आली. मारणाऱ्यांच्या बाजूनेच त्याची फीत काढली गेली आणि चार दिवसांत ती देशभर फिरली. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. आरोपी स्वतः भटक्या जमातीतला निघाला, तेव्हा हा जातीय अत्याचार की नुसती मारहाण, असा वाद सुरू झाला. त्या वादात मुलांचे उघडे शरीर मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर तसेच राहिले. राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाने ती फीत ट्विटरवर टाकल्याबद्दल राहुल गांधींनाही नोटीस पाठवली, कारण अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. संतापाने, सहानुभूतीने फीत पुढे पाठवणाऱ्या हजारोंनी ही बंदी मोडली आणि आपण काही चुकीचे करतोय असे त्यांना वाटलेही नाही.

दुसरी घटना साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत त्या भागात आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत घराघरांतल्या मोबाइलवर येत होते. एका लहान मुलीशी ते बोलताना कुणी पाहिले आणि संशय घेतला. जमाव जमला. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले, आणि ज्या खोलीत गावचा न्यायनिवाडा व्हायचा, तिथेच काठ्या-दगडांनी त्यांचा जीव गेला. पाचही जणांचा. त्याचीही फीत निघाली. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयाने घेरल्या गेलेल्या कुटुंबाला पोलिसांनी जमावातून सोडवले. म्हणजे वाचवणे अशक्य नव्हते.

त्या वर्षी देशभर पसरलेल्या अपहरणाच्या फितींपैकी एक मुळात कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जनजागृती करण्यासाठी एका संस्थेने ती काढली होती. शेवटचा खुलासा कापून ती भारतात फिरवली गेली. राईनपाड्यानंतर पंधरवड्याने, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावहत्या रोखण्यासाठी राज्यांना निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२)मध्ये जमावहत्येची तरतूद आली आणि ती १ जुलै २०२४पासून लागू झाली.

ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने या दोन घटनांचा अर्थ काय? पहिली गोष्ट, बळी पडलेले ख्रिस्ती नव्हते. वाकडीची मुले मातंग, राईनपाड्याचे पाचजण भगव्या कपड्यांतले भिक्षेकरी. येशूने चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात शेजारी कोण, या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते अगदी याच प्रसंगाला लागू पडते: वाटेत पडलेल्या परक्या माणसावर जो दया करतो, तो शेजारी. दुसरी गोष्ट, दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आहे. न तपासलेला संदेश पुढे पाठवणारा माणूस एका अनोळखी माणसाविरुद्ध साक्षच देत असतो, आणि जमाव त्या साक्षीवर निकाल लावतो. चोरी आणि व्यभिचार यांवर मंडळीत जितक्या वेळा उपदेश होतो, तितका फॉरवर्डवर व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. राईनपाडा हे आपल्याच मुलखातले गाव आहे. तिथले पाप दुसऱ्या कुणाचे म्हणून हात झटकता येत नाहीत.

टाळेबंदीनंतरची उपासना

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण, १० आणि १२ एप्रिल, घरातच साजरा झाला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२०ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली. या दीड वर्षात पाळकांनी फेसबुक लाइव्ह शिकून घेतले, संडे स्कूलच्या ताईंनी झूमवर मुलांना गोष्टी सांगितल्या, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना कितीतरी वर्षांनी रविवारची उपासना पूर्ण ऐकायला मिळाली. जो मुलगा पोटासाठी सुरतेला किंवा पुण्याला गेला, त्याला आपल्या मावची बोलीतली गाणी तिथे ऐकू आली. हा खरा लाभ आहे आणि तो कमी लेखू नये. अहिराणी, भिलोरी, मावची या भाषांना छापखान्याने फार जागा दिली नव्हती. यूट्यूबने ती दिली.

पण मंडळ्यांच्या चॅनेलांवर नजर टाकली, तर उपदेश, गाणी, साक्षी आणि सणांच्या शुभेच्छा यांचाच भरणा दिसतो. वनहक्काचा दावा, रेशनची अडचण, ऊसतोडीला गेलेल्या मुलांची शाळा हे विषय तिथे क्वचितच येतात. जी मंडळी रविवारी एकत्र येऊन या गोष्टी एकमेकांना सांगते, तीच मंडळी कॅमेरा सुरू झाला की फक्त गाते. शिवाय कॅमेऱ्यासमोर कोण येते तेही पाहावे लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे नोंदले गेले. पुरुषांत हे प्रमाण साधारण ६१ टक्के होते. महिला मंडळ ज्या चर्चचा कणा आहे, त्या चर्चच्या ग्रुपमध्ये घरातला मोबाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असेल, तर बाईची प्रार्थनाविनंतीसुद्धा दुसऱ्याच्या हातून जाते.

चंगाईच्या फिती

सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या आणि सगळ्यात जास्त वाद ओढवून घेणाऱ्या फिती चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने बरे झाल्याच्या. आजारी माणसासाठी प्रार्थना करणे हे ख्रिस्ती श्रद्धेत जुने आहे आणि त्यात गैर काही नाही. गैर सुरू होते ते औषध सोडायला सांगितल्यावर. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यावर नियमित औषध, पुरेसे पाणी, वेळेवर तपासणी लागते. ‘बरा झालो’ अशी साक्ष पाहून एखाद्या आईने मुलाची गोळी थांबवली, तर त्या फितीच्या हजारो दर्शकांपैकी कुणीही त्या मुलाची जबाबदारी घेणार नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा वैद्यकीय उपचारांपासून रोखण्याच्या काही प्रकारांना गुन्हा ठरवतो, आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याने प्रार्थना आणि उपचार एकाच छपराखाली चालवले. खानदेशी ख्रिस्ती परंपरेचा गाभा तिथे आहे, चमत्काराच्या जाहिरातीत नाही.

याला जोडून पैशाचाही मुद्दा येतो. दानार्पणाची थाळी मंडळीच्या डोळ्यांसमोर फिरते, हिशोब वार्षिक सभेत मांडला जातो. क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, हे पडद्यावर कळत नाही. विश्वस्त संस्थेच्या नोंदलेल्या खात्याखेरीज दुसऱ्या खात्यावर देणगी मागायची नाही, एवढा एक नियम प्रत्येक मंडळीने पाळला तरी श्रद्धेच्या नावावर होणारी फसवणूक बरीच आटोक्यात येईल. आणि कुणी फसलेच, तर राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० चर्चच्या फलकावर, पुढच्या आठवड्याच्या सूचनांशेजारी असला पाहिजे.

ओळख, आरक्षण आणि संशय

ख्रिस्ती समाजाची स्वतःची न्यायाची गाऱ्हाणी खरी आहेत. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. २००७च्या रंगनाथ मिश्र आयोगाने ही अट काढण्याची शिफारस केली, २०२२मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. आदिवासींना ही अट लागू नाही, म्हणून धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून वगळा, अशी ‘डी-लिस्टिंग’ची मागणी जनजाती सुरक्षा मंच करतो. जात धर्माबरोबर संपत नाही, हे दलित ख्रिस्ती माणसाला चर्चच्या आतही अनुभवायला मिळते. अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्र्याने १९८१मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात भारतीय ख्रिस्ती धर्मविचारात शूद्रांचा, दलितांचा अनुभव कुठे आहे, असा रोखठोक सवाल केला. त्या भाषणातून पुढे दलित धर्मशास्त्राची धारा वाहू लागली. ऑनलाइन विवाह-सूचक ग्रुपमध्ये ‘मूळ समाज’ विचारणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती घराने त्या प्रश्नाला स्वतःपुरते उत्तर द्यायला हवे.

धर्मांतराचा वाद खानदेशाला तिन्ही बाजूंनी वेढून आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९६८पासून आणि गुजरातेत २००३पासून धर्मस्वातंत्र्याचे कायदे आहेत. सीमेपलीकडच्या डांगमध्ये १९९८च्या नाताळात प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, त्याची आठवण नवापुरात अजून ताजी आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी सांगलीत एका गरोदर विवाहितेच्या आत्महत्येनंतर धर्मांतराच्या दबावाचा आरोप झाला. आमदार गोपीचंद पडळकर यांनी पाळकांवर हल्ला करणाऱ्यांना बक्षीस देण्याची भाषा केली, त्याची फीत पसरली आणि ख्रिस्ती संघटनांनी मोर्चे काढले. जुलैमध्ये धुळे-नंदुरबार भागातली अनधिकृत चर्च सहा महिन्यांत पाडली जातील, असे महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत जाहीर केले.

सांगलीतल्या त्या विवाहितेला न्याय मिळालाच पाहिजे. तिच्यावर दबाव होता की नाही याचा तपास ख्रिस्ती समाजाने स्वतः मागायला हवा. अनधिकृत बांधकामाचा प्रश्नही खरा आहे, पण तो सगळ्या धर्मांचा आहे. सार्वजनिक जागांवरच्या धार्मिक बांधकामांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ला दिलेल्या आदेशात आणि राज्य सरकारच्या २०११च्या निर्णयात कुठल्याही एका धर्माचे नाव नाही. नियम लावायचा तर देऊळ, दर्गा, चर्च सगळ्यांना सारखा लावावा. एकट्या ख्रिस्ती पाड्यांना वेगळे काढणे म्हणजे भेदभाव, आणि हे स्पष्टपणे म्हणण्याची जबाबदारी फक्त ख्रिस्ती लोकांची नाही.

या वातावरणात पाड्यावरच्या एका साध्या फितीची वाट बघा. नदीकाठी बाप्तिस्मा होतो, तरुण संघातला एक मुलगा आनंदाने मोबाइलवर चित्रण करून मंडळीच्या ग्रुपवर टाकतो. तिथून ती नातेवाइकांकडे जाते, मग एका सार्वजनिक पानावर. तिथे कुणी पहिला आणि शेवटचा भाग कापतो, वर ‘आमिष दाखवून’ असे शब्द लिहितो, आणि संध्याकाळपर्यंत ती गावातल्या दुसऱ्या ग्रुपवर परत येते. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याला कुणी विचारलेले नसते, आधीही आणि नंतरही. संमतीशिवाय कुणाच्या श्रद्धेचे चित्रण टाकू नये, हा नियम म्हणूनच शिष्टाचाराचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

अंगठा आणि रेशन

ऑनलाइन जीवन म्हणजे फक्त सोशल मीडिया नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, एका आदिवासी बाईला. तेव्हापासून रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, लाडकी बहीण सगळे अंगठ्यावर आणि ओटीपीवर येऊन ठेपले. ऊस तोडून, माती उचलून बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. यंत्र नाही म्हणते आणि दुकानदार माघारी पाठवतो. अडाणी माणसाला यात कुणाकडे जावे हेच कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या आधार निकालात अनुदानासाठी आधार वैध ठरवले, पण ओळख पटली नाही म्हणून हक्काच्या लाभापासून कुणी वंचित राहू नये, असेही सुनावले.

इथे छोट्या मंडळीला करता येण्यासारखे बरेच आहे. जो तरुण रविवारी ध्वनिक्षेपक आणि लाइव्ह सांभाळतो, त्यालाच आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या कुठल्याही धर्माच्या माणसाचे ई-केवायसी, वनहक्काच्या दाव्याची स्थिती, शिष्यवृत्तीचा अर्ज पाहून द्यायला बसवता येईल. मिशनच्या काळात साक्षरतेचे वर्ग होते. आजची निरक्षरता या ऑनलाइन अर्जांची आहे. अट एकच: त्या टेबलावर पत्रके नसावीत आणि बाप्तिस्म्याचा विषय निघू नये. मदत आणि धर्मप्रसार यांच्या सरमिसळीच्या जुन्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर नाही.

विचार कुठवर आला आहे

चर्चच्या पातळीवर या प्रश्नाचा विचार झालेला नाही, असे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. पोप फ्रान्सिस यांच्या २०२०च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत केंद्रस्थानी आहे आणि डिजिटल जगात वाढणाऱ्या द्वेषाची दखलही आहे. २०२३मध्ये व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने सोशल मीडियावर कसे वागावे यावर चिंतन प्रसिद्ध केले, त्याचाही आधार हाच दृष्टांत. महाराष्ट्रात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत ‘सुवार्ता’ मासिक आणि हरित वसईचा लढा यांतून श्रद्धा आणि सार्वजनिक प्रश्न एकत्र कसे चालतात ते दाखवले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाल्यावर त्यांना धमक्या आल्या. ते आपल्या सौम्य भाषेवरून ढळले नाहीत.

खानदेशात मात्र हा विचार अजून वरून खाली झिरपलेला दिसत नाही. इंग्रजी दस्तऐवज धर्मप्रांताच्या कचेरीपर्यंत येतात. पाड्यावरच्या पाळकाच्या हातात पडते ते कुठल्यातरी परदेशी उपदेशकाचे डब केलेले प्रवचन. मराठीत, अहिराणीत, मावचीत, इथल्या घटनांवर बोलणारा मजकूर नाही, ही मुख्य उणीव आहे. राईनपाड्याच्या दिवशी काय चुकले यावर मावची भाषेत अर्ध्या तासाचे एक प्रवचन तयार झाले, तर व्हॅटिकनच्या दहा कागदांपेक्षा त्याचा इथे जास्त उपयोग होईल.

पुढचे काम

सगळे पाहिल्यावर हाती काय लागते? मोबाइलने खानदेशातल्या ख्रिस्ती माणसाला आवाज दिला, दूर गेलेल्याला जोडले, दुर्लक्षित भाषांना गाणी दिली. त्याच मोबाइलने त्याला संशयाच्या कक्षेत आणले आणि काही वेळा त्याच्या श्रद्धेचा बाजारही मांडला. यांपैकी संशयावर त्याचे एकट्याचे नियंत्रण नाही. सरकारने कायदा सगळ्यांना सारखा लावावा, राईनपाड्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांची पोलिसांनी अंमलबजावणी करावी, कंपन्यांनी द्वेषाच्या मजकुराची मराठी आणि बोलीभाषांतली तक्रार ऐकून घ्यावी, या मागण्या त्याने इतरांबरोबर करत राहाव्यात.

पण बाकीचे त्याच्या हातात आहे. प्रत्येक मंडळीच्या ग्रुपला असा एक जबाबदार माणूस असावा, जो न तपासलेला संदेश काढून टाकेल आणि का काढला हे सांगेल. मुलाची किंवा अत्याचारग्रस्ताची फीत आली, तर ती पुढे न पाठवता थेट पोलिसांकडे किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावी. गावात परका भिक्षेकरी, फेरीवाला, बहुरूपी आला आणि कुजबुज सुरू झाली, तर मंडळीतल्या दोन माणसांनी उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहावे. हे शेवटचे काम मोबाइलवर होत नाही; पण ते करायचे आहे हा निरोप ग्रुपवर पाच मिनिटांत जाऊ शकतो. अफवा जितक्या वेगाने जाते तितक्याच वेगाने.

अल्पसंख्य समाज स्वतःच्या रक्षणात गुंतून पडतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही माझे म्हणणे असे की खानदेशातल्या ख्रिस्ती समाजाचे रक्षण दुसऱ्याच्या रक्षणातूनच होईल. डवरी गोसाव्यासाठी, विहिरीत पोहणाऱ्या मातंग मुलासाठी, रेशन नाकारलेल्या म्हातारीसाठी जी मंडळी उभी राहते, तिच्याबद्दल ‘ही माणसे आमिष दाखवतात’ असे गावाला सहजासहजी पटवता येत नाही. आणि नाहीच गावाने मानले, तरी येशूने शेजाऱ्याबद्दल जी आज्ञा दिली, तिला कुठली अट घातलेली नाही.